रिलीव्हर येईपर्यंत

१

सन दोन हजार चोवीस, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. बुद्धपौर्णिमा होऊन गेली होती आणि नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. या दिवसांत भिलाईची माणसं सकाळीच कामं उरकतात आणि दुपारी दारं लावून घेतात. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

अशा दिवसांत आम्रपाली नावाची पोरगी सेक्टर सहामधल्या, कारखान्याच्या एका क्वार्टरात एकटी राहायला आली.

ती भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली. बाप नागसेन यार्डात रूळ बदलणारा पॉइंट्समन होता, आता रिटायर. पोरगी हुशार निघाली. शिष्यवृत्ती मिळवून परदेशात गेली आणि तिथं जागतिक इतिहासात एम.ए. करू लागली. नागसेनला हा विषय शेवटपर्यंत पटला नाही. "अख्ख्या जगाचा इतिहास? अन् नोकरी कोन्या गावी भेटते त्याची?" असं तो चारचौघांत विचारायचा. पोरगी हसायची. 

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा असतो. तिनं तीन गावं घेतली होती. एक रशियातलं, एक पोलंडमधलं आणि तिसरं भिलाई. तिन्ही लोखंडाच्या कारखान्याभोवती वसलेली. कारखान्याच्या पाळीनं माणसाची झोप, जेवण आणि संसार कसा बदलला, हे तिला लिहायचं होतं. त्यासाठी जुन्या कामगारांचं बोलणं छोट्या रेकॉर्डरवर टेप करायला ती आली होती. चरोद्याच्या घरात भावाचा संसार, दोन लहान पोरं आणि दिवसभर टीव्ही. टेप ऐकायला शांत जागा हवी होती.

सिंधुताई ही तिच्या आईची जुनी ओळख. दोघी एका बालवाडीत कामाला होत्या. सिंधुताईचा मुलगा शुभम कारखान्यात नोकरीला, तो ट्रेनिंगला रांचीला गेलेला, आणि त्या स्वतः महिनाभर लेकीकडे रायपूरला निघाल्या होत्या. क्वार्टर रिकामा पडणार होता.

"कूलरले दोन टाइम पानी टाकजो," किल्ली देताना त्या म्हणाल्या. "तुळशीले विसरू नको. एकटीले भीती त नाही ना वाटनार?"

"काकू, मी तिकडं बर्फात एकटी राहते."

"बर्फात काय बाई, तिथं कोनी नसते," सिंधुताई हसत म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या.

२

घर दोन खोल्यांचं. मागं स्वयंपाकघर, मोरी, अंगण. समोरच्या खोलीत एक टेबल, एक पलंग आणि भिंतीजवळ वेताची खुर्ची.

खुर्चीचं तोंड भिंतीकडे होतं. भिंतीवर फोटो नव्हता, कॅलेंडर नव्हतं. डोळ्याच्या उंचीवर हातभर जागेतला रंग तेवढा उडालेला होता. पोपडे धरलेले नव्हते. खूप वेळा पुसल्यावर उडतो तसा उडालेला.

आम्रपालीनं खुर्ची ओढून टेबलाशी घेतली आणि कामाला लागली.

सकाळी ती शुभमची स्कूटी काढून जुन्या माणसांकडे जायची. ऊन चढायच्या आत परतायची, भात-वरण टाकायची, जेवून टेबलाशी बसायची आणि टेप ऐकत लिहायची. दुपारी कारखान्याचा भोंगा वाजला की उठून मागं जायची, चूळ भरायची, चहा ठेवायची. चहा घेऊन आली की खुर्चीचं तोंड भिंतीकडे असायचं.

पहिल्यांदा तिला वाटलं, उठताना आपलाच धक्का लागला. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. मग तिनं मुद्दाम लक्ष ठेवलं. उठताना खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली. चहा घेऊन आली. खुर्ची भिंतीकडे होती.

फरशीला उतार असेल. कूलरच्या हादऱ्यानं सरकत असेल. शिकलेल्या माणसाला कारण सापडतंच. तिनं खुर्ची पुन्हा ओढली. वेत गरम होतं. मे महिना होता, सगळंच गरम होतं.

घरी परतल्यावर तिच्याशी बोलायला कोणी नसायचं. शेजारचं कुटुंब गावी गेलेलं. माणसाला एकटेपणाची सवय होते म्हणतात. होते ती गप्प बसायची सवय.

३

तिच्या सरांचा फोन आला. सर बंगाली, तिकडच्या विद्यापीठात शिकवणारे, हिंदीत बोलायचे. रागावले की हळू बोलायचे. त्या दिवशी फारच हळू बोलले.

"प्रकरण वाचलं. रशियातली बाई बोलते. पोलंडचा म्हातारा बोलतो. भिलाईचा माणूस कुठं आहे? तो तुझ्या प्रबंधात फक्त मोजला जातो. इतके कामगार, इतकं लोखंड. एकोणसाठ साली पेटलेल्या पहिल्या भट्टीजवळ उभा राहिलेला एक माणूस आण."

"सर, ते आता जिवंत नाहीत. असतील त्यांना आठवत नाही."

"मग हा प्रबंध मी पास करू शकत नाही. जूनअखेरपर्यंत बघ."

जून संपला की शिष्यवृत्ती संपणार होती. पास नाही झाली तर डिग्री नाही, पुढचं काही नाही. चरोद्याला परत, भावाच्या संसारात एका कोपऱ्यात. बापाच्या प्रश्नाला मग कायमचं उत्तर मिळालं असतं.

तिनं पुढचे दिवस सगळा सेक्टर पालथा घातला. कुणाचे वडील गेलेले, कुणाचे अंथरुणावर. एका घरी म्हाताऱ्यानं तिला आपली बहीण समजून हात धरला आणि सोडेना.

४

केवलराम मात्र ठणठणीत होता. साकोलीकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. पण तो आला अडुसष्ट साली. पहिल्या भट्टीची माणसं त्याची सिनियर.

"ते सारे गेले पोरी," तो म्हणाला. "मी उरलो. मले न्यायले यमदूत आले होते, मीच म्हटलं, सेकंड शिफ्टले या."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "सांगा तिले कामाचं! पोरगी उन्हाची आली."

आम्रपालीनं टेप चालू केला. "काका, भोंगा झाला की सुट्टी व्हायची?"

"भोंगा त कुत्र्यालेबी ऐकू येते. भोंग्यानं सुट्टी होत नाही. रिलीव्हर आला पाहिजे. भट्टी मोकळी सोडता येते काय? पुढच्या पाळीचा मानूस येते, खांद्यावर हात ठेवते, मंग तुम्ही उठा."

"आणि नाही आला तर?"

"त बसायचं."

"किती वेळ?"

"येईपर्यंत." तो हसला. "हिच्या भावाच्या लग्नात अक्षता पडून गेल्यावर पोचलो मी. रिलीव्हरच नाही आला. बायकोनं अजून माफ नाही केलं."

"करनारबी नाही!" आतून आवाज.

शेवटी आम्रपालीनं नेहमीचे दोन प्रश्न विचारले. तुमचं बोलणं लिहायची परवानगी आहे का, आणि बदल्यात तुम्हाला काय हवं. हा दुसरा प्रश्न सरांनी लावून दिलेला नियम. ते म्हणायचे, जगाचा इतिहास म्हणजे कुणाकडून तरी काढून नेलेल्या वस्तूंचा इतिहास. आपण निदान विचारून नेऊ, आणि मागतील ते देऊ. न देता नेलेलं मी वाचणार नाही.

कुणी पोराच्या नोकरीची चिठ्ठी मागायचं, कुणी चष्म्याची काडी बसवून मागायचं. केवलराम म्हणाला, "माया फोटो काढ. पन टोपी घालू दे."

५

तिची बोली बिघडली होती. परदेशात दोन वर्षं इंग्रजी, इथं बाहेर हिंदी, मराठी फक्त आईशी फोनवर. म्हातारी माणसं तिच्या पुस्तकी प्रश्नांना बिचकायची. म्हणून जेवण झाल्यावर ती रिकाम्या खोलीत प्रश्न मोठ्यानं म्हणून बघायची. टेप लावायची, प्रश्न विचारायची, समोरच्याला बोलायला जागा सोडायची, मग पुढचा. नंतर ऐकून शब्द दुरुस्त करायची.

त्या दुपारी भोंगा नुकताच झाला होता. खुर्ची भिंतीकडे होती. ती ओढायचा तिला कंटाळा आला. पलंगावर बसून तिनं प्रश्न सुरू केले.

"तुमी भिलाईले कोन्या साली आले?"

जागा सोडली.

"पयल्या दिवशी भट्टीजवळ काय वाटलं?"

जागा सोडली.

ऊन उतरल्यावर कानाला हेडफोन लावून तिनं ते ऐकलं. तिचा आवाज. कूलरची घरघर. मग कुणीतरी घसा साफ केला.

"एकोनसाठ."

तिनं हेडफोन काढले. खोलीत कोणी नव्हतं. अंगणात जाऊन आली. शेजारच्या दाराला कुलूप होतं. रस्त्यावर एक भाजीवाला चालला होता, तोही लांब.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आवाज पुरुषाचा, वय झालेला, थकलेला. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

कूलरच्या पंपाचा आवाज असा येऊ शकतो. जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढलं असेल. तिनं दोन्ही कारणं नीट मांडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही काढून टाकली. रेकॉर्डरमध्ये नवं मेमरी कार्ड घातलं. कूलर बंद केला. खोली भट्टीसारखी तापली. भोंगा झाल्यावर पलंगावर बसून तिनं तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले. घामानं कुर्ता पाठीला चिकटला. समोर खुर्चीची पाठ. हालचाल नाही, आवाज नाही.

टेपवर त्यानं दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली होती.

६

भीतीच्या आधी आनंद आला. तिथंच पोरीचं चुकलं.

पहिल्या भट्टीचा माणूस मिळाला होता. साऱ्या सेक्टरभर शोधला तो तिच्याच खोलीत बसून होता. ती रोज विचारू लागली. तो टेपवर रोज बोलू लागला.

"सायकल नव्हती. नाल्यातून चालत येवो. पाय ओले, अन् तोंड भाजे."

"रशियन मिस्त्री होता बाजूले. त्याले माई भाषा नाही, मले त्याची नाही. रुपयाएवढं भोक, त्याची निळी काच पुसायची अन् भट्टीच्या पोटात पाहायचं. तो बोट दाखवे, मी मान हालवो. तो गेला तवा रडलो नाही. पन त्या दिवशी भाकर गोड नाही लागली."

"झोप दिवसा का रातच्याले, डोयाले समजेच ना. पोरगं झालं, ते मले पाहून रडे. म्हने हा कोन."

हे वाक्य ऐकून आम्रपाली टेबलापासून उठली. पोलंडच्या म्हाताऱ्यानं अगदी हेच सांगितलं होतं, आपल्या मुलीबद्दल. दोन माणसं, हजारो कोसांचं अंतर, आणि लेकरांना बाप ओळखू येत नाही. तिचा सगळा प्रबंध त्या एका वाक्यात उभा होता. तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

ती दुपारची वाट पाहू लागली. सकाळी बाहेर जाणं बंद झालं. खुर्ची ओढून घेणंही तिनं सोडून दिलं. टेबलाशी उभी राहून लिहायची. पाणी पिताना एक पेला भरून खुर्चीपाशी ठेवायची आणि कशासाठी ठेवला हे स्वतःला विचारायची नाही.

एकदा मात्र तिनं रायपूरला फोन लावला.

"काकू, ती वेताची खुर्ची कुणाची?"

"क्वार्टर भेटला तवा होती तिथंच."

"तुम्ही बसत नाही तिच्यावर?"

"दुसऱ्याच्या खुर्चीत काहून बसू वो?" त्या म्हणाल्या. "तुळशीले पानी टाकतेस ना?"

७

तिनं सगळं उतरवून सरांना पाठवलं. सर त्याच दिवशी बोलले, आणि या वेळी मोठ्यानं बोलले.

"हाच तो माणूस! हा बोलला म्हणून बाकीची दोघं बोलायला लागली. प्रबंध झाला तुझा. नाव काय त्यांचं?"

"विचारते, सर."

"परवानगी घेतली? आणि त्यांना काय हवं ते दिलं?"

"राहिलंय."

"ते राहू देऊ नकोस. ते राहिलं तर बाकीचं मी धरणार नाही."

दुपारी भोंगा झाला. ती पलंगावर बसली. 

"बाबा, तुमचं नाव काय?"

जागा सोडली.

"तुमी सांगतलं ते लिहू काय मी?"

जागा सोडली.

"माया कामाचं सारं तुमी देल्लं. तुमाले काय पायजे?"

या वेळी तिनं बरीच जागा सोडली. खोलीत काही वाजलं नाही. पेल्यातलं पाणी हललं, पण रस्त्यावरून ट्रक गेला होता.

टेपवर नावाला उत्तर नव्हतं. परवानगीला तो "लिव" म्हणाला. तिसऱ्या प्रश्नानंतर आधी वेताची कुरकुर आली. माणूस बसल्या जागी अंग सैल करतो तशी.

मग तो म्हणाला, "रिलीव्हर."

आणि जरा वेळानं, मागितल्याची लाज वाटल्यासारखं, "भोंगा कवाचा झाला."

८

सकाळी आईचा फोन आला.

"झालं म्हनते ना काम? मंग ये घरी. कायले तापून राहिली तिथं? तुया भाच्यानं आज तुयासाठी आंबा लपवून ठेवला, अन् मंग त्यानंच खाल्ला."

आम्रपाली हसली. हसण्याचा आवाज तिलाच परका वाटला.

मागून नागसेननं फोन घेतला. त्याला फोनवर फार बोलता येत नसे. "मास्तर पास करते म्हने?"

"हो बाबा."

"बेस झालं." मग त्यानं लगेच विचारलं, "डब्बा घेऊन येऊ काय स्टेशनवर?"

"नको बाबा. मी संध्याकाळच्या लोकलनं येते."

तिनं बॅग भरली आणि दाराशी नेऊन ठेवली. तुळशीला पाणी घातलं. भांडी पुसून ठेवली. निघायला काही अडचण नव्हती. सर इतक्या लांब. विचारलं तर सांगता आलं असतं, दिलं म्हणून.

पण ती नागसेनची पोरगी होती. गरिबाच्या घरात फुकट घ्यायची लाज पोटातूनच येते. तिनं या माणसाचं तोंडचं सगळं घेतलं होतं. त्याचा भिजलेला पाय, त्याची भाकर, त्याला न ओळखणारं लेकरू. त्यावर ती एम.ए. होणार होती. आणि त्यानं मागितलं काय, तर घरी जायची मोकळीक.

एक पाळी, ती स्वतःशी म्हणाली. तीही म्हणायलाच. खुर्ची रिकामी आहे. कुणी फोटो मागतो, कुणी चष्म्याची काडी. हा हे मागतो. करून टाकू आणि संध्याकाळची लोकल धरू.

भोंगा झाला.

तो लांबत गेला, खाली आला आणि थांबला. आम्रपाली खुर्चीच्या मागं उभी राहिली. खुर्चीची पाठ तिच्या पोटापर्यंत येत होती. तिच्या वर काही नव्हतं. दिसत होती ती भिंत आणि उडालेला रंग. माणूस बसला असता तर खांदा जिथं आला असता, तिथं तिनं हवेत हात ठेवला.

हात खाली गेला नाही.

कापड होतं. जाडं, धुऊन धुऊन विरलेलं आणि घामानं ओलं. कापडाखाली हाड. ते हाड दमून गेलेलं होतं.

"मी आले," ती म्हणाली. "तुमी जा आता."

वेत कुरकुरलं. फार वेळ कुरकुरत राहिलं, फार वर्षं बसलेला माणूस उठतो तसं. तिच्या हाताखालचं कापड वर आलं आणि सुटलं. ती पुढं झाली आणि बसली.  वेत गरम होतं.

दाराशी बॅग सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी ती पायानं, पण जपून, बाजूला केली होती. तिनं मान वळवली. उन्हानं दार पांढरं झालं होतं. त्या पांढऱ्यात एक पाठ होती. खाकी, वाकलेली. मान एका बाजूनं काळी पडलेली. हात गमछ्यानं मान पुसत होता, सुट्टी झालेल्या माणसाचा हात. पाठीला घाई नव्हती. मग नुसतं ऊन राहिलं.

तिनं तोंड पुन्हा भिंतीकडे केलं, कारण तिथं काहीतरी उजळलं होतं. उडालेल्या रंगाच्या मधोमध, रुपयाएवढं. आधी लाल, मग पांढरं. त्यात काहीतरी उकळत होतं आणि ते मोकळं सोडण्यासारखं नव्हतं, हे तिला कुणी न सांगता कळलं.

बॅगेत फोन वाजू लागला. आई असेल, नाहीतर बाबा. वाजून वाजून तो बंद झाला. नजर काढून उठणं तिला जमलं नाही.

बाहेर कुणीतरी मोकळं खाकरलं. फाटक उघडलं, लागलं. चपला रस्त्याला लागल्या, आणि त्यांचा आवाज लांब लांब जात नाहीसा झाला.

देणं फिटलं.